आधी वाचून दाखवा

फोन वाजला तेव्हा माझा हात गॅसच्या रेग्युलेटरवर होता. दवाखान्यातून मला घरी पिटाळलं होतं ते विजयानंच. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली होती, "अहो, गॅस बंद केलाय का ते घरी जाऊन बघा. आणि दुधाचं पातेलं तसंच पडलं असणार, ते विसळून ठेवा." आमच्या घरच्या रीतीप्रमाणे मी ते परत म्हणून दाखवलं. "गॅस बघायचा, पातेलं विसळायचं." यावर तिनं "बरोबर" म्हणायचं असतं. पण तिचा डोळा लागला होता, म्हणून मी हळूच उठलो. राजारामपुरीतल्या आमच्या घराचं कुलूप काढलं, चपला न काढताच स्वयंपाकघरात गेलो, खटका बघितला... आणि खिशातला फोन वाजला. दवाखान्यात आमची मुलगी अमृता तिच्याजवळ होती. "बाबा, या," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना आणि मला विचारवेना. पातेलं तसंच राहिलं. ते नंतर शेजारच्या वहिनींनी कधीतरी घासून पालथं घातलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माजी आमदार, ज्येष्ठ वकील विजयाताई गेल्याच्या बातम्या पेपरात आल्या. अभ्यासू, निर्भीड, स्पष्टवक्त्या... सगळं खरंच होतं, पण त्या बातम्यांत माझी बायको काही मला सापडेना. या पुरवणीच्या संपादकांनी "सर, तुम्हीच लिहा" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. लिहिण्याशी माझा संबंध म्हणजे मुलांच्या उत्तरपत्रिकांवर लाल रेघा मारणं. पण मग वाटलं, ती असती तर काय म्हणाली असती? म्हणाली असती, "मास्तर, लिहा की. फक्त आवरू नका." ती लाडात आली की मला मास्तर म्हणायची आणि चिडली तरी मास्तरच म्हणायची. कुठलं कुठलं आहे ते कळायला मला लग्नानंतर बराच काळ लागला. आणि 'आवरू नका' हे तर तिच्या आयुष्याचं काम होतं, ते सांगायलाच मी बसलोय.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर त्या पायरीशी संसारच मांडला. लग्न झालं तेव्हा विजया एका नामांकित फौजदारी वकिलाकडं ज्युनियर होती. सकाळी माझा डबा, तिचा डबा, मग ती पांढरी साडी नेसून, काळा कोट हातावर टाकून निघायची. कोल्हापुरात तेव्हा वकिलीण म्हटलं की लोक वळून बघत. माझ्या शाळेतले सहकारी मला चिडवायचे, "काय सर, घरात तुमची उलटतपासणी होते म्हणे!" व्हायची. रोज व्हायची. पण ज्या गोष्टीमुळं आमच्या घराची रीतच बदलली ती घडली इचलकरंजीच्या एका खटल्यात.

एका यंत्रमागाच्या शेडात पाळी बदलताना मारामारी झाली आणि त्यात एकाचा जीव गेला. आरोपी म्हणून सदाशिव नावाच्या कामगाराला पकडलं. विजयाचे सीनियर त्याचे वकील. सरकारतर्फे जे साक्षीदार होते त्यांत त्याच शेडात मागाच्या कांड्यांवर सूत भरणारी हौसाबाई होती. ती सदाशिवची सख्खी मावशी. आता, कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या भाषेत बोलतो. ते ऐकून न्यायाधीश त्यातलं कामाचं तेवढं नीट वाक्यात टाइपिस्टला सांगतात आणि ते कागदावर येतं. शेवटी तो कागद साक्षीदाराला वाचून दाखवायचा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, आणि मग खाली लिहायचं, 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' त्याखाली सही किंवा अंगठा. हे वाचून दाखवणं कायद्यातच आहे. पण फायलींचा डोंगर साचलेला, बाहेर पुढचा साक्षीदार ताटकळलेला... त्यात ते वाचून दाखवणं राहून जातं आणि खालची ओळ तेवढी लिहिली जाते.

हौसाबाई पिंजऱ्यात म्हणाली होती, "दार उघडं दिसलं. कोण पळालं ते काय दिसलं न्हाय. मग सदा दिसला, पाणी घिऊन येत हुता." कागदावर आलं, 'दार उघडे दिसले. नंतर सदाशिव तेथे दिसला.' बघा, यात कुणी ध चा मा केलेला नाही. एक शब्द खोटा नाही. फक्त आवरलंय. पण त्या आवरण्यात हौसाबाईचं न दिसणं गेलं आणि सदाशिवच्या हातातलं पाणीही गेलं. उरलं काय, तर उघडं दार आणि तिथं उभा असलेला सदाशिव. हौसाबाईनं न ऐकताच अंगठा उठवला. मागच्या बाकावर बसलेल्या विजयानं दोन्ही वाक्यं ऐकली होती. तिला खटकलंही होतं. पण ज्युनियरनं उठून साहेबांना कसं टोकायचं, सीनियर बघतील काय ते, असं म्हणून ती गप्प बसली. सीनियर त्या वेळी पुढच्या साक्षीदाराचे कागद चाळत होते. सदाशिवला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील गेलं तेव्हा विजयानं जिवाचं रान केलं, पण उत्तर एकच मिळायचं... खाली लिहिलंय की बरोबर आहे म्हणून, अंगठाही आहे. अखेर दुसऱ्याच एका मुद्द्यावर तो सुटला, पण तोवर त्याची उमेदीची वर्षं आत गेली होती.

तो सुटल्यावर हौसाबाई आमच्या घरी आली. बाहेरच्या खोलीत खाली बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी बसेना. चहा प्यायली आणि म्हणाली, "बाई, एक इचारू? मी खोटं बोलले न्हाय. सायबबी काय वाईट न्हवतं, देवमाणूस हुता. मग माझंच बोलणं माझ्या पोराच्या जिवावर कसं उठलं वो?" हौसाबाई गेल्यावर ती आत येऊन माझ्यापाशी बसली आणि ढसाढसा रडली. "मला ऐकू आलं होतं हो," म्हणत राहिली. "मला ऐकू आलं होतं..." मी मास्तरच, मला समजूत घालायचा एकच प्रकार येतो. मी म्हणालो, "हे बघ, तुझं म्हणणं असं आहे की तू तेव्हा बोलायला हवं होतंस." ती एकदम थांबली. म्हणाली, "नाही. माझं म्हणणं असं आहे की तिला वाचून दाखवायला हवं होतं. मी असो वा नसो." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बघा, तुम्हीपण आवरलंत."

त्या दिवसापासून आमच्या घरात ती रीत पडली. भांडण झालं की आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला म्हणून दाखवायचं. त्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. सुरुवातीला मला याचा असा संताप यायचा म्हणून सांगू! रागाच्या भरात माणसाला आपलंच बोलायचं असतं, आणि इथं आधी दुसऱ्याचा पाढा म्हणायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. निम्मी भांडणं त्या पाढ्यातच विझायची. अमृता हे बघतच मोठी झाली. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. विजया शांतपणे म्हणाली, "ती काय म्हणाली ते आधी सांगा." मी गुरगुरत सुरुवात केली, "ती म्हणते की तिला तो मुलगा आवडतो, आणि आमचा विचार..." अमृता म्हणाली, "बाबा, तुमचा विचार घेतलाच नाही असं मी म्हणाले नाही. तुम्हाला सांगायला भीती वाटत होती असं म्हणाले." मी ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. माझ्या पोरीला माझी भीती वाटते, हे माझ्याच तोंडून ऐकल्यावर मग मी भांडणार कशाच्या जोरावर? जावई चांगला निघाला, ही गोष्ट वेगळी.

विजया राजकारणात शिरली ती अपघातानं, आणि एकदाच निवडून आली. तिला रस्ते, गटारं, पाणी यांतलं कळत नव्हतं असं नाही, पण जीव होता तो एकाच गोष्टीत. ती म्हणायची, "कायदा करणं म्हणजे पोरीचं लग्न लावून देणं. अक्षता टाकून सगळे जेवून घरी जातात. पुढं तिचं सासरी कसं चाललंय ते बघायला एकजण तरी जातो का?" वाचून दाखवायचा नियम केला विधिमंडळांनी आणि संसदेनंच. मग तो पाळला जातो का हे दरवर्षी विचारायचं कामही त्यांचंच, हा तिचा हट्ट. सभागृहात कुणीतरी म्हणालं की ताई, कोर्टाच्या कामात आपण नाक खुपसू नये. तिनं उत्तर दिलं, "न्याय काय द्यावा हे सांगायला मी चाललेली नाही. तो त्यांचा अधिकार. माणसाचं बोलणं कागदावर कसं उतरावं एवढंच मी विचारतेय, आणि तो नियम आपण केलेला आहे." त्या रात्री आमदार निवासातून तिचा फोन आला. "ऐकलंत का? काय म्हणाले मी, सांगा बघू." मी सांगितलं. "बरोबर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा खुशीत होता की अजून कानात आहे.

कोर्टातल्या कामकाजाच्या आणि पुराव्याच्या नियमांत राज्यापुरती दुरुस्ती करायचं एक विधेयक आलं, ते समितीकडं गेलं आणि त्या समितीत विजया होती. तिनं हौसाबाईची गोष्ट सांगून एक कलम सुचवलं. साक्ष खरोखर वाचून दाखवली याचा आवाज मुद्रित केलेला असला पाहिजे, तो नसेल तर त्या साक्षीतला शब्द कुणाच्या विरुद्ध वापरायचा नाही, आणि हे किती ठिकाणी पाळलं गेलं याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढं आला पाहिजे. समितीतल्या बहुतेकांना ते पटायचं, पण आमच्याच जिल्ह्यातले, ऊसपट्ट्यातले एक आमदार होते, त्यांना सगळे आण्णा म्हणत, ते आडवे पडले होते. माणूस रोखठोक. "ताई, एकेका खटल्याला तीस तीस साक्षीदार. हे वाचून दावत बसलं तर कोर्ट चालायचं कवा? आमचा माणूस गगनबावड्यास्नं भर पावसात येसटी धरून येतोय आन् तारीख घिऊन माघारी जातोय. त्येला तुमचं वाचन नगं हाय, निकाल पायजे." आणि हे काही खोटं नव्हतं. विजयाही ते मान्य करायची. म्हणूनच तिला आण्णांचंच मत हवं होतं.

समिती सुनावणीसाठी कोल्हापूरला आली आणि ताराबाई पार्कातल्या विश्रामगृहावर उतरली. विजयानं सगळ्यांना दुपारी आमच्या घरी जेवायला बोलावलं. सकाळीच मला सांगितलं, "आज तुम्ही न्यायाधीश. मी सांगेन तेव्हा आण्णा जे बोलतील ते ऐकून तुम्ही माझ्या ज्युनियरला नीट वाक्यांत सांगायचं, ती लिहून घेईल. पण एक. मुद्दाम काही चुकवू नका, खोटं घालू नका. तुम्ही जसं मुलांचे निबंध नीट करता तसं करा, बास." मी म्हटलं, मग यात गंमत काय? ती नुसती हसली.

पानं वाढली, पांढऱ्या रश्श्याची वाटी फिरली, आणि विजया म्हणाली, "आण्णा, आज तुम्ही साक्षीदार. सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय झालं ते सांगा." आण्णा आपल्या गावाकडच्या घरनंच आले होते, त्यांना गंमत वाटली. ते भाकरी मोडत सुरू झाले, "सकाळी धार काढाय गेलतो. म्हस काय पान्हावली न्हाय. मग तसाच च्या मारला. येताना पावण्यांच्या दारात थांबलो, म्हातारीला बरं न्हवतं म्हणून. पावणं काय गावलं न्हाईत, रानात गेलते. म्हातारीची इचारपूस केली आन् आलो हिकडं." मी अगदी इमानदारीनं ते सांगितलं. ज्युनियर पोरीनं लिहून घेतलं आणि खाली ती ओळ लिहून कागद आण्णांपुढं धरला. दिवसभर सह्या करणारा माणूस. डाव्या हातानं पेन घेऊन, कागदाकडं न बघता त्यांनी सही ठोकली आणि पुन्हा रश्श्याकडं वळले.

"आण्णा," विजयानं विचारलं, "सकाळी दूध किती निघालं?"

"अवो न्हाय की! म्हस पान्हावलीच न्हाय म्हणलो न्हवं?"

विजयानं कागद उचलून वाचला. 'सकाळी म्हशीची धार काढून चहा घेतला. वाटेत पाहुण्यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस केली व येथे आलो.' मग कोर्टातल्या आवाजात म्हणाली, "धार काढलीत. मग दूध कुठं गेलं? कुणाला दिलंत? आणि पाहुणे तर म्हणतात त्या दिवशी आमची गाठच पडली नाही. मग तुम्हा दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

"मी आसं कुठं म्हणलोय?" आण्णांचा घास हातातच राहिला.

"सही कुणाची आहे?"

सगळे हसत होते ते हळूहळू थांबले. आण्णांनी तो कागद हातात घेतला, लांब धरून स्वतः वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी खरोखर काही मुद्दाम केलं नव्हतं. धार काढायला गेलो म्हटल्यावर ती काढलीच असणार, पाहुण्यांच्या दारात थांबले म्हणजे पाहुणे भेटलेच असणार... मी निबंध नीट केला होता. विजयाला माहीतच होतं की मी तसंच करणार. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलेला.

"ताई," अखेर आण्णा म्हणाले, "तुमी मला जेवाय बोलिवलं का आत घालाय?" पुन्हा हशा झाला. पण हात धुताना ते तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "त्या इचलकरंजीच्या म्हातारीचं कलम घाला. माझी सही धरा. ह्या खेपेला वाचून करतो."

कलम अहवालात आलं. आण्णांनी सभागृहात त्यावर भाषणही केलं. विजयाला वाटलं आता झालंच. पण विधेयक चर्चेला यायच्या आधी सभागृहाची मुदत संपली, आणि जे मंजूर झालं नव्हतं ते सगळं आपोआप बारगळलं. पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट मिळालं नाही, आण्णाही पडले. नव्या मंडळींना तिनं पत्रं पाठवली, स्वतः जाऊन भेटली. "बघू ताई," म्हणायचे सगळे. ती घरी येऊन काळा कोट खुंटीला लावायची आणि म्हणायची, "बघू म्हणालेत." मी परत म्हणायचो, "बघू म्हणालेत." ती म्हणायची, "बरोबर," आणि आम्ही दोघं हसायचो.

तिनं वकिली सोडली नाही. स्वतःच्या प्रत्येक साक्षीदाराचा कागद ती पुढं होऊन वाचून घ्यायला लावायची. काही न्यायाधीश वैतागायचे, काही पुढं तिच्याआधीच सांगू लागले, "वाचून दाखवा त्यांना." हौसाबाई होती तोवर दिवाळीच्या आधी एकदा यायचीच. आपल्या हातानं भरलेल्या कांड्यांचं सूत लागलेलं कापड आणायची, "हे माझ्या मागावरचं" म्हणून मोठ्या दिमाखात ठेवायची. त्यातल्याच एका निळ्या चौकड्याच्या कापडाची विजयानं आपल्या वेताच्या खुर्चीच्या उशीला खोळ शिवली. खिडकीपाशी ती खुर्ची, समोर पक्षकारांसाठी बाक, आणि कोपऱ्यात माझी आरामखुर्ची, जिच्यात बसून मी ऐकत नाही असं दाखवत सगळं ऐकायचो.

कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा ती आजारी होती. त्याच्या आंदोलनात तिच्या पिढीच्या वकिलांनी किती मोर्चे काढले, किती उपोषणं केली, त्याला गणती नाही. तिला रिक्षातून तिथवर घेऊन गेलो. ती आत काही गेली नाही, समोरच्या फुटपाथवर काठी टेकून उभी राहिली आणि आत-बाहेर करणारे कोरे काळे कोट बघत राहिली. "बाहेरगावच्या माणसांना आता मुंबईचं भाडं भरायला नको," म्हणाली. त्याआधी नवे फौजदारी कायदे आले तेव्हाही तिनं ती पुस्तकं मागवून घेतली होती. उशाला भिंग घेऊन वाचून दाखवायचं ते जुनं कलम शोधत होती. एका दुपारी मला हाक मारली, "सापडलं! जागा बदललीय, नंबर बदललाय, पण आहे." मी म्हटलं, चला, सुटलीस. तर म्हणाली, "सुटले कसली? जुन्यातही होतंच की. नव्यात आवाज-चित्र नोंदवायची सोय ठिकठिकाणी केलीय, तेवढं बरं झालं. पण ते होतंय का बघायला कोण जाणार?" आणि ती मला नव्या आमदारांसाठी पत्र सांगू लागली. मी लिहिलं. तिनं वाचून घेतलं. दोन ठिकाणी मी आवरलं होतं, ते तिनं पुन्हा घालायला लावलं.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं संमतीचा कागद पुढं केला. "आज्जी, इथं सही करा."

"वाचून दाखवा."

"अहो आज्जी, नेहमीचाच आहे."

"तुमचा नेहमीचा असेल. माझा पहिलाच आहे."

मला वाटलं, आता इथं तरी सोड ना बाई. पण पोरगा चांगला होता. कॉटवर टेकून त्यानं सगळं वाचलं. निम्म्यातच त्याचा आवाज बदलला, कारण काय काय होऊ शकतं ते तो आता एका माणसाला सांगत होता. विजयानं ऐकलं, त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, म्हणाली, "बरोबर आहे," आणि सही केली. त्यानंतर तो रोज फेरी संपली की येऊन टेकायचा. ती गेली त्या दुपारी अमृताच्या आधी त्यालाच कळलं होतं, आणि मी पोचलो तेव्हा तो दारातच उभा होता.

दिवसकार्य झाल्यावर आण्णा भेटायला आले. आता थकलेत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. माझ्याशेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "सर, ताईंचं कलम ऱ्हायलंच की वो."

मी म्हटलं, "राहिलं."

"कुणीतरी पुढं न्यायला पायजे."

"पाहिजे."

"मी हाय तवर बोलत ऱ्हातो. आजूनबी सही करताना पयलं वाचतोय मी. सूनबाई हासतीया, म्हणती, मामंजी, वीजबिल हाय ते!" ते हसले आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना काय धीर देणार, माझंच मला आवरत नव्हतं.

लोक म्हणतात, सर, वेळ जाईल तसं सोसेल. जाईल तशी जाऊ दे वेळ. मला सोसायचं नाहीये, मला ती हवी आहे. सकाळी चहा करताना कप दोन काढतो. पेपरातलं काही वाचलं की "अगं ऐक" म्हणून मान वर करतो. अमृता म्हणते, पुण्याला चला. मी नाही म्हणालो. तिनं आईच्या पद्धतीनं माझं म्हणणं परत म्हणून दाखवलं, "तुम्हाला हे घर सोडवत नाही." मी म्हटलं, नाही. मला ती खुर्ची सोडवत नाही. अमृता म्हणाली, "बरोबर," आणि पुण्याचं पुन्हा काढलं नाही.

हा लेख लिहून झाला तसा आज दुपारी मी माझी आरामखुर्ची ओढून वेताच्या खुर्चीसमोर घेतली. उशीचा निळा चौकडा उन्हानं एका बाजूला फिका झालाय. कागद धरले आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचले. जिथं जिथं मी आवरलं होतं तिथं थांबलो, कारण ती तिथं बोट वर करून थांबवायची. थांबलो की काय राहिलं ते आठवायचं, ते घालायचं, पुढं जायचं. असं करत शेवटपर्यंत आलो. आणि एक राहिलं होतं तेही सांगितलं. म्हटलं, "विजया, गॅस बंदच होता गं. पातेलं मात्र माझ्याकडून राहिलं."

मग मी कागद मांडीवर ठेवले... रस्त्यावरून एक रिक्षा गेली. शेजारच्या वहिनी कुणाला तरी हाका मारत होत्या. खुर्चीतून काही आलं नाही.

म्हणून या लेखाखाली मला निम्मंच लिहिता येतं. वाचून दाखविले.